पाऊस झाला की सकाळी ‘आयएसओ फॉल्ट’: दोष कुठे शोधायचा आणि पॅनेलची वायरिंग नव्याने कशी मांडायची?

जांभा_गच्ची

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ, समुद्रापासून दीडेक किलोमीटरवर स्लॅबची गच्ची आहे. तिच्यावर ५.४ किलोवॉटची ऑन-ग्रिड सिस्टिम बसवून तीन वर्षं झाली. या जूनपासून एकच रडगाणं: रात्री पाऊस झाला की सकाळी इन्व्हर्टर सुरूच होत नाही, पडद्यावर आयएसओ फॉल्ट (म्हणजे इन्सुलेशनमधून जमिनीकडे गळती). दहा-साडेदहाला पॅनेल वाळली की काही झालंच नाही अशा थाटात चालू. कोरड्या दिवशी काही त्रास नाही, पण आमच्याकडे पावसाळ्यात कोरडा दिवस शोधावा लागतो.

पॅनेल: ५४० वॉट, मोनो पर्क, हाफ-कट, मागे पांढरी बॅकशीट (प्लास्टिकचा थर), एकूण १०. लेबलवर व्हीओसी (काही न जोडता येणारं व्होल्टेज) ४९.५ व्होल्ट, आयएससी (शॉर्ट करंट) १३.८५ अँपिअर, व्हीएमपी (चालू असतानाचं व्होल्टेज) ४१.६, आयएमपी (चालू करंट) १३. पाच-पाचच्या दोन रांगा, पॅनेल उभी, सगळी एकाच स्ट्रिंगमध्ये (एकामागोमाग जोडलेल्या साखळीत).
इन्व्हर्टर: ५ किलोवॉट, सिंगल फेज, ट्रान्सफॉर्मरलेस, कमाल डीसी ६०० व्होल्ट. केबल ४ चौरस मिमी.

वायरिंग अशी: ऋण टोक पुढच्या रांगेच्या डावीकडून निघतं. पुढची रांग उजवीकडे संपते, तिथून एक वायर गच्चीवरून तिरपी मागच्या रांगेच्या डाव्या टोकाला गेली आहे, उघडीच. मागच्या रांगेच्या उजव्या टोकाकडून धन वायर कठड्यावरून वळसा घालत डीसीडीबीकडे येते (डीसीडीबी म्हणजे डीसी बाजूची वितरण पेटी, डावीकडे, जिन्याजवळ). पॅनेलखालच्या वायरी टायने बांधल्यात, निम्मे टाय तुटून वायरी लोंबतायत.

व्हेंडर म्हणतो, इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये २०० किलोओहमची मर्यादा खाली आणू आणि सगळ्या कनेक्टरवर सिलिकॉन मारू, विषय संपला. मला ते पटत नाही. दोष नेमका कुठे आहे ते दहाही पॅनेल न उतरवता कळेल का? आणि वायरिंग पुन्हा करायचीच तर कशी? एकाच्या दोन स्ट्रिंग कराव्यात का?

---

ओहमचा_नियम

व्हेंडरचे दोन्ही उपाय करू देऊ नका.

ट्रान्सफॉर्मरलेस इन्व्हर्टर चालू असताना पॅनेलची डीसी बाजू आणि महावितरणची लाइन यांच्यात काही आडोसा नसतो. म्हणून ग्रिडला जोडून घेण्याआधी तो रोज सकाळी धन आणि ऋण या दोन्हींचा अर्थशी किती रोध आहे ते मोजतो. आयईसी ६२१०९-२ या आंतरराष्ट्रीय मानकात याची किमान मर्यादा म्हणजे कमाल डीसी व्होल्टेज भागिले ३० मिलिअँपिअर, तुमच्या बाबतीत ६०० ÷ ०.०३ = २० किलोओहम. कंपन्या मुद्दाम त्याच्या बऱ्याच वर मर्यादा ठेवतात, कारण २० पर्यंत घसरलेलं इन्सुलेशन पुढच्या पावसात कुठे जाईल ते कुणी सांगू शकत नाही. मर्यादा ५० वर आणली तर हा पावसाळा निघेलही. पण एक जागा अर्थला लागलेली असताना दुसरीकडे कुठे इन्सुलेशन गेलं, की करंट फ्रेममधून आणि स्ट्रक्चरमधून फिरायला लागतो. डीसीची ठिणगी एसीसारखी शून्यावर येऊन विझत नाही, ती जळत राहते. शिवाय चालू असताना गळती एकदम ३० मिलिअँपिअरने उडी मारली तरी इन्व्हर्टर ट्रिप होतोच, म्हणजे सेटिंग बदलून तक्रार फक्त सकाळवरून दुपारवर जाईल.

सिलिकॉनचं म्हणाल तर बाजारातलं साधं सीलंट सुकताना ॲसिटिक आम्ल सोडतं, तो आंबट वास त्याचाच. ते तांब्याला खातं. आणि आत आधीच शिरलेलं पाणी कायमचं कोंडलं जातं.

आता शोध. साधा मल्टीमीटर पुरतो, पण तो कॅट-३, १००० व्होल्टचा हवा. हातात क्लास-० चे रबरी हातमोजे, पायात कोरडे बूट. दोष असताना फ्रेमला उघड्या हाताने धरायचं नाही.

१. मोजणी पावसानंतरच्या सकाळी, पडद्यावर फॉल्ट दिसत असतानाच करा. दुपारी वाळल्यावर काही सापडणार नाही.
२. आधी इन्व्हर्टरचा एसी एमसीबी बंद, मग डीसी आयसोलेटर बंद. डीसी क्लँप मीटरने स्ट्रिंगमध्ये करंट शून्य आहे हे बघा, मगच इन्व्हर्टरकडचे कनेक्टर काढा. करंट वाहत असताना एमसी-फोर कनेक्टर कधीही उघडायचा नाही.
३. डीसीडीबीतल्या एसपीडीचे (विजेच्या तडाख्यापासून वाचवणाऱ्या उपकरणाचे) प्लग काढून ठेवा.
४. तीन रीडिंग घ्या: धन ते ऋण, धन ते अर्थ, ऋण ते अर्थ. हे पटापट करा, कारण सकाळी उजेड वाढतो तसं व्होल्टेज चढतं. शेवटी पहिलं रीडिंग पुन्हा घेऊन फरक बघा.

स्ट्रिंग धडधाकट असेल तर अर्थकडची दोन्ही रीडिंग काही क्षणांत घसरून शून्याजवळ जातात. दोष असेल तर ती टिकून राहतात, आणि त्यांच्या प्रमाणावरून जागा कळते. आकडे इथे टाका.

---

खारा_वारा

वरच्या तिसऱ्या मुद्द्याला जोड. काही वेळा सगळा दोष एसपीडीतच निघतो. त्यातले व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज अर्थकडे वळवणारे भाग) विजांचे तडाखे खाऊन थकले की अर्थकडे गळायला लागतात. त्यामुळे प्लग काढून एकदा इन्व्हर्टर चालू होतो का ते बघून घ्या. एसपीडीवरची स्थिती दाखवणारी खिडकी हिरवी आहे म्हणून एसपीडी चांगलाच, असं धरू नका. डीसीडीबीचं झाकण उघडाल तेव्हा तळाशी पाणी, मुंग्यांची माती आणि बसबारवर चिकटलेली पाल या तिन्हींसाठी टॉर्च मारा. कोकणात हे नेहमीचं.

---

जांभा_गच्ची

आज सकाळी साडेसात, रात्रभर पाऊस. एसपीडीचे प्लग काढूनही फॉल्ट तसाच. डीसीडीबी कोरडी.

धन ते ऋण: ४५२
धन ते अर्थ: ३१०
ऋण ते अर्थ: −१३४
मीटरचा इनपुट १० मेगाओहम. शेवटी पुन्हा घेतलेलं धन-ऋण रीडिंग ४५३.

---

ओहमचा_नियम

फार स्वच्छ रीडिंग आहेत.

जागा: ऋण टोकापासून किती पॅनेल = १३४ ÷ (३१० + १३४) × १० = ३.०२. म्हणजे ऋण टोकाकडून मोजत गेलं तर तिसऱ्या आणि चौथ्या पॅनेलच्या जोडावर. तुमचं ऋण टोक पुढच्या रांगेच्या डावीकडे आहे, तेव्हा पुढच्या रांगेत डावीकडून तिसरं आणि चौथं.

रोध: मीटरचा रोध × (धन-ऋण ÷ दोन्ही रीडिंगची बेरीज − १) = १० × (४५२ ÷ ४४४ − १) = ०.१८ मेगाओहम, म्हणजे १८० किलोओहम. तुमच्या इन्व्हर्टरची रेषा २०० ला आहे, म्हणजे तो जे सांगतोय ते खरंच आहे. एका व्होल्टच्या चुकीने हा आकडा वीस-पंचवीस किलोओहम इकडेतिकडे होतो, तेव्हा त्याला अंदाजच समजा. जागेचं गणित मात्र पक्कं असतं.

एक सावधगिरी: हे गणित दोष एकाच जागी असेल तेव्हाच चालतं. सगळीच पॅनेल थोडीथोडी गळत असतील तर उत्तर आपोआप मध्यावर, पाचाच्या आसपास येतं. म्हणून ‘५’ आलं की मी संशय घेतो. तुमचं ३.०२ आहे, त्यामुळे जोडच.

खात्रीसाठी स्ट्रिंग मोकळी असतानाच तो जोड उघडा आणि दोन्ही तुकडे वेगळे मोजा. तीन पॅनेलचा तुकडा साधारण १३५ व्होल्टचा. दोष तिसऱ्या पॅनेलच्या धन वायरीत असेल तर या तुकड्याचं धन ते अर्थ जवळपास शून्य, ऋण ते अर्थ १३४ च्या आसपास दिसेल आणि सात पॅनेलचा तुकडा निर्दोष निघेल. दोष चौथ्याच्या ऋण वायरीत असेल तर याच्या उलट.

---

डीसी_वायरमन

दोष सापडेल. मी मांडणीबद्दल लिहितो, कारण मूळ दुखणं तिथेच दिसतंय.

आधी दोन स्ट्रिंगचं. पाच-पाचच्या दोन केल्या तर प्रत्येकीचं व्हीएमपी २०८ वर येईल. बहुतेक सिंगल फेज इन्व्हर्टर साडेतीनशेच्या पुढे जास्त चांगले चालतात. एका रांगेवर सावली आणि दुसरीवर ऊन अशी परिस्थिती नसेल तर एकच ठेवा. थंडीत १५ अंशाला दहा पॅनेलचं व्हीओसी ५०८ व्होल्टच्या आसपास जातं (दर अंशाला साधारण ०.२७ टक्के धरून), ६०० च्या आत आहे.

आता वेटोळं. ऋण वायर एका बाजूने, धन वायर दुसऱ्या बाजूने आणि मध्ये तिरपी वायर, असं केल्यामुळे तुमच्या गच्चीवर १५ चौरस मीटरच्या आसपास घेर असलेलं वेटोळं झालंय. जवळपास वीज पडली की त्या घेरात जेवढं क्षेत्रफळ, तेवढ्या प्रमाणात व्होल्टेज निर्माण होतं, आणि ते इन्व्हर्टरच्या इनपुटवर आदळतं. एसपीडी त्याचा मार खातो, म्हणून तो लवकर मरतो. उपाय एकच: गेलेली वायर आणि परत येणारी वायर सतत जवळजवळ.

पुस्तकात यासाठी एक सोडून एक पॅनेल जोडत जायचं आणि उरलेली जोडत परत यायचं, अशी पद्धत देतात. ती तुमच्याकडे जमणार नाही. हाफ-कट पॅनेलला धन वायर एका बाजूच्या डबीतून (पॅनेलमागच्या जंक्शन बॉक्समधून) आणि ऋण दुसऱ्या बाजूच्या डबीतून निघते, आणि उभ्या मांडणीसाठी आलेल्या पॅनेलच्या वायरी ३०० मिमीच्या आसपास असतात. एक पॅनेल ओलांडायचं म्हणजे १.१३ मीटर पार करायचं. प्रत्येक उडीला जोडवायर, प्रत्येक जोडवायरीला दोन जादा कनेक्टर. खाऱ्या हवेत कनेक्टर वाढवणं म्हणजे दोष वाढवणं. ती पद्धत हवी असेल तर पॅनेलची ऑर्डर देतानाच १२०० ते १४०० मिमीच्या वायरी मागवाव्या लागतात.

तुमच्यासाठी हे करा. पॅनेलची साखळी आहे तशीच राहू दे. प्रत्येक रांगेखाली, पॅनेलच्या मध्यरेषेवर (डब्या जिथे आहेत तिथे) राफ्टरच्या (पॅनेल पेलणाऱ्या लोखंडी पट्टीच्या) वर ५० मिमी रुंदीची, गरम गॅल्व्हनाइज केलेली जाळीची केबल ट्रे आडवी टाका, रांगेमागे ६ मीटर. कापलेली टोकं कानशीने घासून त्यावर रबरी कड आणि झिंक पेंट. पुढच्या रांगेच्या उजव्या टोकाची वायर तिरपी न नेता याच ट्रेमधून डावीकडे परत आणा आणि तिथून मागच्या रांगेच्या डाव्या टोकाला जोडा. ऋण टोकाची वायरसुद्धा तिच्याच सोबतीने मागच्या रांगेपर्यंत न्या. मागच्या रांगेच्या उजव्या टोकाची धन वायर कठड्यावरून न फिरवता मागच्या ट्रेमधून डावीकडे आणा. आता धन आणि ऋण एकत्र डीसीडीबीकडे. घेर दोन्ही रांगांचा मिळून एक चौरस मीटरच्या आत येतो. कनेक्टरची संख्या पूर्वीइतकीच राहते, एकही वाढत नाही.

केबलची लांबी तिरप्या वायरीपेक्षा तीनचार मीटर वाढेल. ४ चौरस मिमी सोलर केबलचा रोध किलोमीटरला ५.०९ ओहम, म्हणजे १० मीटरला ०.०५ ओहम, १३ अँपिअरला ०.६६ व्होल्ट. ४१६ व्होल्टमध्ये ते कुठे गेलं तेही कळणार नाही. केबल नवीनच घ्या, एन ५०६१८ छापलेली, कथिल चढवलेल्या तांब्याची. गच्चीवर तीन वर्षं ऊन-पाण्यात पडलेली तिरपी वायर पुन्हा वापरू नका.

बांधणीचे बारकावे:

ट्रेमध्ये दर ३० ते ४० सेंटिमीटरला टाय. काळे, यूव्ही-स्थिर नायलॉन घ्या, पांढरे नकोत, ते एका उन्हाळ्यात पापडासारखे मोडतात. समुद्राजवळ पीव्हीसी चढवलेले स्टेनलेस टाय सगळ्यात बरे. नुसत्या उघड्या स्टेनलेस पट्टीने केबल आवळायची नाही, ती हळूहळू इन्सुलेशन कापते.

कनेक्टर ट्रेच्या तळावर टेकवायचा नाही, बाजूच्या तारेला लटकवायचा, पाणी थेंबून जाईल असा. आयपी-६७ म्हणजे थोडा वेळ बुडालं तर चालेल, चार महिने पाण्यात पडून राहिलं तर चालेल असा त्याचा अर्थ नाही.

कनेक्टरच्या नटातून बाहेर पडल्यावर निदान तीनचार सेंटिमीटर केबल सरळ जाऊ दे, मग वळवा. लगेच वाकवली की आतलं रबर एका बाजूला दबतं, दुसऱ्या बाजूला फट पडते आणि पाणी आत. वळण केबलच्या जाडीच्या पाचपट त्रिज्येपेक्षा लहान नको, म्हणजे ३ सेंटिमीटर धरा.

दोन रांगांमध्ये चालायची जागा असते, तिथे पाइप स्लॅबवर न टेकवता ५ सेंटिमीटर उंच ठोकळ्यांवर घ्या. घरात वापरतात तो राखाडी कंड्युइट उन्हात तडकतो, यूव्ही-स्थिर पाइप मागा. सगळ्यात खालच्या जागी खालून ६ मिमीचं भोक पाडा. बंद पाइपमध्ये रात्रीच्या गारव्याने पाणी साठतंच, त्याला वाट हवी.

डीसीडीबीत केबल खालूनच शिरवा, शिरण्याआधी १०-१५ सेंटिमीटर खाली झोळ देऊन. एका ग्लँडमधून (केबल घट्ट धरणाऱ्या बुचातून) एकच केबल. दोन कोंबल्या की मध्ये फट राहते.

---

ओहमचा_नियम

मांडणी पटली. पाइपबद्दल थोडा मतभेद: धन आणि ऋण एकाच पाइपमध्ये घालू नका. दोन पाइप, एकमेकांना चिकटून, एकाच सॅडलमध्ये. उंदराने एकाच पाइपमध्ये दोन्ही केबल कुरतडल्या तर थेट शॉर्ट होतो. एकच स्ट्रिंग असल्यामुळे फ्यूज काही करणार नाही, कारण पॅनेलचा शॉर्ट करंट १३.८५ आणि चालू करंट १३, फरकच नाही.

---

डीसी_वायरमन

तत्त्व म्हणून बरोबर. दोन्ही केबल दुहेरी इन्सुलेशनच्या असतात, त्यामुळे एका पाइपमध्ये चालतात, पण घरगुती कामात दोन पाइपचा खर्च किरकोळ आहे. फक्त चिकटून हवेत. एक भिंतीच्या या कोपऱ्यातून आणि दुसरा त्या कोपऱ्यातून नेला तर परत वेटोळं.

---

खारा_वारा

वायरिंगबरोबर पॅनेलच्या स्वतःच्या इन्सुलेशनकडेही एकदा बघून घ्या, ट्रे टाकायला खाली जाणारच आहात.

बॅकशीटवर कोरडं बोट फिरवा. बोटाला पांढरी भुकटी लागली तर वरचा थर उन्हाने झिजतोय. सेलच्या मधल्या रेषांवर आणि डबीच्या भोवती केसासारख्या भेगा आहेत का ते तिरप्या टॉर्चने बघा. २०१० ते २०१३ च्या सुमारास बनलेल्या पॉलिअमाइड बॅकशीटची पॅनेल अशा भेगांनी जगभर बदलावी लागली, आणि त्यांचं पहिलं लक्षण नेमकं हेच, ओल्या सकाळी आयएसओ फॉल्ट. तुमची तीन वर्षांची आहेत आणि दोष एका जोडावर आलाय, त्यामुळे शक्यता कमी, पण दहा मिनिटांचं काम आहे. भेगा पडलेलं पॅनेल रंगवून किंवा सिलिकॉन फासून टिकत नाही, ते वॉरंटीत बदलून घ्यायचं. पुढे कधी नवीन पॅनेल घ्याल तेव्हा खाऱ्या हवेसाठी दोन्हीकडून काच असलेली आणि आयईसी ६१७०१ ची खारी चाचणी पास झालेली घ्या.

किती गळती चालते याचा आकडा: आयईसी ६१२१५ च्या ओल्या चाचणीत रोध गुणिले क्षेत्रफळ निदान ४० मेगाओहम-चौरस मीटर हवं. तुमच्या पॅनेलचं माप बहुतेक २२७८ × ११३४ मिमी, म्हणजे २.५८ चौरस मीटर. एका पॅनेलला किमान १५.५ मेगाओहम, आणि दहा पॅनेल अर्थच्या दृष्टीने समांतर असल्यामुळे स्ट्रिंगला १.५५ मेगाओहम. म्हणजे पॅनेल सगळी जेमतेम पास दर्जाची असली तरी चिंब पावसात तुमच्या इन्व्हर्टरच्या रेषेच्या सातपट वर राहायला हवीत. ‘कोकणात दमट हवा, असं होणारच’ असं कुणी म्हणालं तर हे गणित पुढे करा.

मीठ वेगळं काम करतं. ऑक्टोबर ते मे पाऊस नसताना फ्रेमच्या कडेला आणि कनेक्टरवर खारा थर बसतो, आणि जूनच्या पहिल्या सरीत तोच वीज वाहणारा द्राव होतो. मेच्या शेवटी साध्या गोड्या पाण्याने खालूनही धुऊन घ्या, हलक्या फवाऱ्याने. बोअरचं मचूळ पाणी नको, प्रेशर पंप तर अजिबात नको.

अर्थिंगची वायर फ्रेमला कशी लावलीय? तांब्याचा नुसता लग (वायरीच्या टोकाची चकती) ॲल्युमिनियमवर बसवला असेल तर तिथे पांढरी बुरशीसारखी पूड दिसेल आणि जोड गेलेला असेल. कथिल चढवलेला लग, एसएस ३१६ चा बोल्ट आणि फ्रेमच्या ॲनोडाइझ्ड थराला भेदणारा दातेरी वॉशर हवा. अर्थिंग खराब असेल तर इन्व्हर्टरला गळती दिसतच नाही, आणि फ्रेमला हात लावणाऱ्याला ती दिसते.

---

जांभा_गच्ची

सापडलं. तिसऱ्या-चौथ्या पॅनेलच्या जोडाखाली नेमकी राफ्टर येते. दोन्ही वायरी राफ्टरच्या सी-सेक्शनच्या ओठावर टाय करकचून आवळून बांधल्या होत्या. पत्र्याची कड धारदार. तिसऱ्या पॅनेलच्या धन वायरीत ओठाच्या जागी आडवी चीर, नखाएवढी, आत तांबं दिसत नाही पण हिरवट डाग आहे. ओठाच्या आतल्या कोपऱ्यात गंजाचं पाणी साठलेलं, वायर त्यात टेकलेली. जोड उघडून मोजलं: तीन पॅनेलच्या तुकड्याचं धन ते अर्थ २ व्होल्ट, ऋण ते अर्थ १३३. दुसरा तुकडा साफ.

चीर डबीपासून साधारण १८ सेंटिमीटरवर आहे. व्हेंडर आता म्हणतो चांगल्या प्रतीची टेप गुंडाळू. बॅकशीट ठीक आहे, भुकटी नाही. अर्थिंगच्या दोन जोडांवर पांढरी पूड आहे, ते बदलतोय. वायरीचं काय करू?

---

डीसी_वायरमन

टेप नाही. टेपखाली पाणी केसासारख्या फटीतून शिरतं आणि वाळत मात्र नाही. पुढच्या वर्षी तोच दोष, आणि शोधायला अवघड.

हिरवट डाग म्हणजे पाणी तांब्यापर्यंत पोचलंय आणि तारांच्या आत चढलेलंही असेल. चिरेच्या डबीकडच्या बाजूने ४-५ सेंटिमीटर सोडून कापा. आतल्या तारा चकचकीत रुपेरी दिसल्या पाहिजेत. काळपट दिसल्या तर आणखी थोडं मागे. डबीपासून दहाएक सेंटिमीटर चांगली वायर उरली तर नवीन कनेक्टर बसतो. त्याहून कमी उरली तर तो पॅनेल बदलण्याचा विषय, डबी आतून भरलेली असते, उघडून वायर बदलता येत नाही. कारखान्याचा कनेक्टर कापल्याने वॉरंटीचा वाद होऊ शकतो, तेव्हा काम व्हेंडरकडूनच आणि त्याच्या लेखी पत्रावर. सिस्टिम अनुदानातून बसवली असेल तर ५ वर्षं देखभाल त्याच्याकडेच आहे, पैसे देऊ नका.

नवीन कनेक्टर पॅनेलवर जो आहे त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा. ‘एमसी-फोर कंपॅटिबल’ म्हणून मिळणारा दुसऱ्या कंपनीचा तुकडा खटकन बसतो, पण आतल्या धातूची आणि रबराची मापं वेगळी असतात. वर्ष-दोन वर्षांत तो तापून वितळलेला दिसतो. वायर आखूड झाल्यामुळे तिसरं आणि चौथं पॅनेल थेट जोडली जाणार नाहीत, म्हणून मध्ये ४०-५० सेंटिमीटरची जोडवायर लागेल, दोन्ही टोकांना त्याच कंपनीचे कनेक्टर.

क्रिंपिंग (कनेक्टरचा धातूचा भाग तारांवर दाबून बसवणं): इन्सुलेशन ७ मिमी सोला, एकही तार तुटू न देता. पकडीने दाबलेला क्रिंप चालत नाही, ४ चौरस मिमीचा साचा असलेलं क्रिंपिंग टूलच हवं. दाबल्यावर दोन्ही पंख तारांमध्ये गोल वळून बसलेले दिसले पाहिजेत आणि जोराने ओढलं तरी हलता कामा नये (४ चौरस मिमीच्या चांगल्या क्रिंपने ३० किलोची ओढ सोसावी). आत ढकलताना टक् आवाज, मग हलकेच मागे ओढून खात्री. नट कंपनीने दिलेल्या पान्याने, सांगितलेल्या टॉर्कपर्यंत. हाताने आवळलेला नट हेच पाणी शिरण्याचं सगळ्यात मोठं कारण. कनेक्टरवर तेलाचे स्प्रे मारू नका, प्लास्टिकला तडे जातात.

---

ओहमचा_नियम

काम झाल्यावर मेगर (जास्त व्होल्टेज लावून इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर) लावल्याशिवाय व्हेंडरला सोडू नका.

आयईसी ६२४४६-१ मध्ये चाचणीचं व्होल्टेज ठरवताना स्ट्रिंगच्या व्हीओसीला १.२५ ने गुणतात. ४९५ × १.२५ = ६१९, म्हणजे ५०० च्या वर, म्हणून चाचणी १००० व्होल्टवर आणि किमान १ मेगाओहम. इन्व्हर्टर सुटा, एसपीडीचे प्लग बाहेर. प्लग राहिले तर १००० व्होल्टला व्हॅरिस्टर वाहू लागतात आणि रीडिंग खोटं येतं. आधी ऋण ते अर्थ, मग धन ते अर्थ. मेगर काढण्याआधी डिस्चार्ज होऊ द्या. चाचणी चालू असताना गच्चीवर कुणी नको.

ही कोरड्यात घेऊन समाधान मानू नका, कोरड्यात तर तुमची चिरलेली वायरही पास झाली असती. शेतात वापरतात त्या फवारणी पंपात पाणी घेऊन त्यात भांड्यांचा साबण चमचाभर टाका, सगळे कनेक्टर, डब्या आणि फ्रेमच्या कडा खालून ओल्या करा आणि लगेच पुन्हा मोजा. ओलं रीडिंग १.५५ च्या वर हवंच. चांगल्या पॅनेलचं ते याच्या कितीतरी पुढे येतं. आकडा डीसीडीबीच्या झाकणाच्या आत तारखेसह लिहून ठेवा.

आणि इन्व्हर्टरला जोडण्याआधी धन-ऋण उलट झालेलं नाही हे मीटरने बघा. नवीन जोडवायर आली की नर-मादी कनेक्टरची अदलाबदल होते, आणि तेव्हा कनेक्टर बिनतक्रार बसतात पण व्होल्टेज उलटं असतं. ऊन असेल तर दहा पॅनेलचं ४६० ते ४८० च्या आसपास यायला हवं. ४५-४८ व्होल्टच्या पटीत कमी आलं तर तेवढी पॅनेल साखळीतून सुटली आहेत, किंवा त्याच्या निम्मी उलटी लागली आहेत.